बॅरोनेसचे इंजिन आणि एकतीस कात्रणे

मी, केझाया ग्रँटली, वय एकोणऐंशी, अविवाहित, काम बॉयलर सांभाळण्याचे, राहणार ब्रॉन्स्टन, कालव्याच्या पायवाटेवरचे तिसरे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दाब किती चढला की झडप उघडायची हे मला उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणी सांगावे लागलेले नाही. यापूर्वी मी केलेली दोन मृत्युपत्रे, एक १९९१ चे आणि एक २००८ चे, या कागदाने रद्द होत आहेत. ती दोन्ही रागात लिहिली होती. हेही थोडे रागातच आहे, पण या वेळी आधी चहा घेतला आहे.

कलम १. इंजिन.
हे पहिले, कारण माझ्या मरणाकडे ज्यांचे डोळे लागले आहेत ते यासाठीच. "बॅरोनेस" ही कालव्यातली वाफेची बोट, एकाहत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद, माझ्या एकटीची नाही. तिचा सांगाडा, केबिन, सुकाणू आणि नाव माझी धाकटी बहीण रोझिना हिच्या मालकीचे. इंजिन आणि बॉयलर माझ्या मालकीचे. "उद्या भांडण झालं तर असावा," म्हणून १९८१ साली वकिलांनी तसा कागद करून दिला. आम्ही उद्यापर्यंत थांबलो नाही.

याचा अर्थ सरळ आहे. माझे इंजिन ज्याच्या हाती जाईल, तो बॅरोनेस चालवील किंवा तिचे पोट रिकामे करील. आधीच्या दोन्ही मृत्युपत्रांत मी लिहिले होते की माझ्यामागे पंधरा दिवसांत इंजिन उचकटून संग्रहालयाला द्यावे, आणि रोझिनाला तिचा सांगाडा लखलाभ असो. या वेळी काय ठरवले ते कलम ७ मध्ये येईल. त्याआधी ही बोट आणि हे इंजिन एकत्र कसे आले ते लिहून ठेवते, कारण धक्क्यावरच्या माहितीफलकावर ते नाही. तो फलक मी लिहिलेला नाही.

बॅरोनेस १९०९ साली बांधली ती वाफेवर चालणारी म्हणूनच. आमचे आजोबा जोसाया तिच्यावर इंजिनवाले होते. सगळी पुरुषमाणसे, पाळीपाळीने झोपायची, आणि बोट लंडनपर्यंत थांबायची नाही. १९२५ च्या सुमारास मालकांच्या ध्यानात आले की बॉयलर आणि कोळसा जेवढी जागा अडवतात, तेवढ्यात दहा टन साखर मावेल. वाफ काढली, डिझेल बसवले. आजोबांनी त्या नव्या यंत्राकडे एकदा पाहिले, टोपी डोक्यावर घातली आणि पायवाटेने चालत गेले ते पुन्हा पाण्यावर आलेच नाहीत. पुढे त्याच बोटीवर आमचे आईवडील कोळसा वाहू लागले, आणि आम्ही दोघी तिच्याच केबिनमध्ये जन्मलो, मी १९४० साली आणि ती त्रेचाळीस साली.

कलम २. घर.
मी राहते ते घर माझ्या टॅबिथा आत्याचे. ती मला देऊन गेली. बोटीवरच्या लोकांत तेव्हा रीत होती: चार पोरांतले एखादे काठावर नातेवाइकाकडे ठेवायचे, म्हणजे घरात एक तरी वाचणारे होई. मला सातव्या वर्षी ठेवले. वडील म्हणाले, "केझी, मालक कागदावर काय लिहितात ते आम्हाला कळत नाही. एक तरी ग्रँटली वाचणारी पाहिजे." मी रडले. आई म्हणाली, "रडतेस काय? इथे तुला पलंग आहे. आमच्याकडे फळी." मला फळीच हवी होती.

शाळेत मला "नाल्यातली घूस" म्हणत. पंधरा दिवसांतून एकदा बॅरोनेस इथून जायची. भरलेली बोट थांबत नाही. मी पुलावर उभी राहायची, आई खालून फडक्यात बांधलेला डुकराच्या मांसाचा उकडलेला रोल वर फेकायची, आणि मागे, साबणाच्या खोक्यावर चढून, चार वर्षांची रोझिना सुकाणूची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी असायची. तिने कधी मला हात केला नाही. तो हात न केल्याचा राग मी सत्तर वर्षे सांभाळला आहे. दांडी सोडून हात केला असता तर बोट पुलावर आपटली असती, हे मला कळत होते. कळून उपयोग होत नाही.

सबब हे घर बॅरोनेसची देखभाल करणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाला द्यावे. बोटीवर जो कोणी आग सांभाळत असेल त्याने इथे राहावे. सुकाणू धरणाऱ्याला इथे खोली देऊ नये, पावसात भिजला असला तरीही.

कलम ३. माझा चष्मा, आणि त्या बदल्यात एक कबुली.
त्रेसष्टच्या कडक हिवाळ्यात कालवा गोठून राहिला, त्यानंतर मालवाहतूक संपली. बॅरोनेस विकली गेली, मग गाळ उपसायला वापरली, मग कुठेतरी बुडाली. १९७८ मध्ये आम्ही दोघी एका रेतीच्या खाणीच्या पाण्यात बुडालेल्या चार सांगाड्यांपाशी उभ्या होतो. मी चष्मा लावून एकावरचा पत्र्याचा क्रमांक वाचला आणि म्हणाले, "ही नाही. आकडा जुळत नाही."

रोझिना गुडघाभर चिखलात उतरली. मागच्या लोखंडाच्या कडेवर हात फिरवत राहिली. "हीच," ती म्हणाली. "आईने एकोणपन्नास साली दगडी पुलाला धडक दिली होती, तो पोचा इथे आहे."

"अगं, आकडा दुसराच आहे!"

"आकड्याला काय विचारतेस? बोटीला विचार."

बोट वर काढल्यावर कळले की क्रमांकाचा पत्रा कोणीतरी दुसऱ्या बोटीचा आणून ठोकला होता. मी वाचून चुकले, आणि जिला अक्षरही ओळखता येत नाही ती बरोबर ठरली. ही गोष्ट ती लोकांना सांगते तेव्हा फार हसते. मीही हसते. चष्मा वकिलांना द्यावा.

कलम ४. हत्यारे.
सांगाडा तिने विकत घेतला. पण वाफेशिवाय बॅरोनेस म्हणजे लांबट कुंड. गावच्या इस्पितळाच्या धुलाईघरात बावीस वर्षे बॉयलर मी सांभाळले होते. बाईमाणूस म्हणून पहिली. त्यामुळे शोध मीच घेतला. एका लोणच्याच्या कारखान्यात पाण्याचा पंप ओढणारे १९११ चे इंजिन भंगारात निघत होते. मी ते पेचन् पेच सोडवून घरी आणले. तीन वर्षे माझ्या स्वयंपाकघरात त्याचे तुकडे होते, आणि त्यातल्या कशालाही अजून हात लावला तरी व्हिनेगरचा वास येतो. चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात बॅरोनेस पुन्हा वाफेवर निघाली.

त्या दिवशी काठावर हजार माणसे होती. रोझिना वर, आजीची काळी बॉनेट टोपी घालून, पितळी कड्यांच्या धुराड्यामागे ताठ उभी. मी खाली, पाच फुटांच्या खोलीत, फावडे घेऊन. लोक ओरडत होते ते मला ऐकू येत होते; कोणासाठी ओरडत होते ते सांगायला नको. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात. माझे तर दोन्ही अर्थांनी जळत होते, पुढ्यातही आणि आतही.

माझे पाने, तेलाचा डबा, फावडे आणि बॉयलरमधले पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या इंजिनाबरोबर जाव्यात, ते जिथे जाईल तिथे. फुटलेली एक नळी वेगळी ठेवली आहे. ती आमचा चुलतभाऊ ईनॉस याला द्यावी, कारण "बायकांच्या हाती आग टिकत नाही" असे तो म्हणाला होता. तो वारला असल्यास थडग्यावर ठेवावी.

कलम ५. मिस्टर डगडेल.
बोटींच्या मेळाव्याचे अध्यक्ष, आणि संग्रहालयाचेही. १९९१ साली उत्कृष्ट बोटीचा करंडक त्यांनी "रोझिना ग्रँटली यांची बॅरोनेस" असे पुकारून दिला. मी खालून वर आले तेव्हा मला म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा, फोटोत काळं दिसतंय." त्यांना माझा सर्वांत मळका कामाचा डगला मिळावा. धुऊ नये.

कलम ६. कात्रणे.
आता लिहायचे ते सोपे नाही.

चौऱ्याऐंशीच्या त्या दिवसानंतर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली. फोटो रोझिनाचा. ती पेपर घेऊन माझ्याकडे धावत आली. "वाच, वाच, काय लिहिलंय?"

लिहिले होते ते असे: "सुकाणूवर रोझिना ग्रँटली उभ्या होत्या, ताठ मानेने, जणू या कालव्याची राणी." माझे नाव कुठेही नव्हते. मी दोनदा शोधले.

आणि मी वाचले ते असे: "बॅरोनेसच्या पोटातली आग केझाया ग्रँटली यांच्या हाती होती. अशी इंजिनवाली देशात दुसरी नाही. सुकाणूवर त्यांची बहीण होती."

मला काय हवे होते ते स्पष्ट लिहिते. तिचा चेहरा पडलेला मला पाहायचा होता. एकदा, फक्त एकदा, तिने माझ्यावर जळावे अशी माझी इच्छा होती. ती टाळ्या पिटायला लागली. "बघ! नाव आलं की नाही तुझं! मी म्हणत नव्हते?" कात्री घेऊन तिने बातमी नीट कापली आणि केबिनच्या खणात, लेसच्या रुमालाखाली ठेवली.

तिथे थांबायला हवे होते. नाही थांबले. एकदा खोटे वाचले की पुढचे खरे कसे वाचणार? पस्तीस वर्षांत एकतीस बातम्या आल्या, आणि प्रत्येकीत मी तिचे कौतुक खोडून आपले घातले. काही वाक्ये मला चांगली साधली. हवामान तेवढे खरे वाचत असे.

यंदा मे महिन्यात ब्रायोनी नावाची एक बातमीदार मुलगी आमच्याकडे आली आणि केबिनमध्ये बसून रोझिनाची मुलाखत घेऊ लागली. मी शेजारच्या इंजिनखोलीत तेल घालत होते. मधले दार उघडे होते. मी ऐकले ते जसेच्या तसे देते.

रोझिना म्हणाली, "आईने केझीला काठावर ठेवली, कारण ती तल्लख. मला ठेवून घेतली, कारण मी दांडी धरायच्या लायकीची. पुलावर उभी असायची ती, इस्त्रीचा फ्रॉक, हातात पुस्तक. मी काय जळायचे तिच्यावर! अजून जळते. माझा फोटो येतो म्हणतात. फोटोचं काय, मी बाहेर उभी असते म्हणून येतो. बदकाचाही येतो. पण नाव? नाव तिचं येतं. थांब, दाखवते."

तिने खण उघडला आणि सगळी कात्रणे त्या मुलीच्या मांडीवर ठेवली.

ब्रायोनीने एक वाचले. दुसरे वाचले. पाचव्याला तिने दारातून माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडावर कोळसा होता, म्हणून उतरलेला रंग तिला दिसला नसेल.

"मोठ्याने वाच की," रोझिना म्हणाली. "केझीबद्दल काय म्हटलंय?"

मुलीने कात्रणे पुन्हा सारखी केली. "छान लिहिलंय, रोझिनाबाई. केझायाबाईंबद्दल फार छान लिहिलंय."

जाताना ती मला म्हणाली, "तुमच्या इंजिनाचा आवाज किती गोड आहे." तिला माझी कीव आली होती. राग परवडला असता.

कलम ७. इंजिनाबद्दल निर्णय.
इंजिन आणि बॉयलर मी माझी बहीण रोझिना ग्रँटली हिला देत आहे, पूर्ण मालकीने. परंतु त्याआधी वकील मिस्टर लॅथबरी यांनी केबिनमध्ये बसून ती एकतीस कात्रणे तिला खरीखरी वाचून दाखवावीत, मग हे मृत्युपत्र वाचावे, आणि विचारावे: "या बाईचे इंजिन तुमच्या बोटीत हवे का?" नको म्हणाली, तर ते संग्रहालयात जावे आणि बॅरोनेस धक्क्याला बांधून ठेवावी. उचकटायचा हक्क आजवर माझा होता. तो आता तिचा.

ता. ३ ऑक्टोबर

कलम ८. पुरवणी, पाच दिवसांनी जोडलेली.
कलम ७ मधला वकिलांनी वाचण्याचा भाग रद्द समजावा. मिस्टर लॅथबरींचा वाचनाचा आवाज मी ऐकला आहे. "कालव्याची राणी" हे शब्द ते पाणीपट्टीच्या नोटिशीसारखे वाचतील. शिवाय पस्तीस वर्षे तिला वाचून दाखवणारी मी, आणि खरे वाचायची वेळ आली की तो मान परक्याला? मला ते सोसेना. मत्सर म्हणा हवे तर. दुसरे काही म्हणता येणारही नाही.

म्हणून परवा सकाळी मी केबिनमध्ये गेले. ती बटाटे सोलत होती. मी तिला हा कागद वरच्या ओळीपासून वाचून दाखवला. ईनॉसपाशी हसली, डगडेलपाशी फार हसली. सहाव्या कलमाला सुरी खाली ठेवली.

"म्हणजे सगळं खोटं वाचलंस?"

"हवामान सोडून."

"मला वाचता येत नाही म्हणून?"

"हो."

तिने ओले हात फडक्याला पुसले. मग हळू म्हणाली, "आणि मी ती लोकांना दाखवत सुटले. पस्तीस वर्षं. पाद्रीबुवांना, डगडेलला, त्या पोरीला. वाचता येणाऱ्या लोकांना, केझी. सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून."

हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते. मी फक्त तिचे कौतुक चोरले असे समजत होते. तिचे गावभर हसे केले, तेही मीच.

ती उठली, बूट घातले आणि बाहेर पडली. मी अर्धवट सोललेल्या बटाट्यांपाशी बसून राहिले. तासाने ती परत आली, बूट चिखलाने भरलेले. बसली नाही.

"इंजिन काढून न्या म्हणून सांगायला निघाले होते डगडेलला."

"मग?"

"लॉकच्या पाणदारापर्यंत गेले. त्या दाराच्या दांड्यावर बसले. म्हटलं, चांगलं तोडून बोलावं केझीला. आणि काही सुचेना. एवढी वर्षं माझ्याबद्दल काय लिहून आलं तेच मला माहीत नाही, तर तू नेमकं काय नेलंस ते मी सांगू कसं?" तिने खण ओढला आणि कात्रणे माझ्यापुढे आदळली. "वाच. पहिल्यापासून. एक शब्द गाळलास तर तुझं लोणच्याचं इंजिन कालव्यात."

मी वाचले. "जणू या कालव्याची राणी" इथे तिने हात वर केला.

"परत."

मी परत वाचले.

"असं लिहिलंय? माझ्याबद्दल? चौऱ्याऐंशी साली?" ती रडत होती आणि गालात हसतही होती. "मेले, किती दिवस राणी होते मी, आणि मला पत्ता नाही."

इंजिनाबद्दल तिने निकाल दिला तो असा: इंजिन बॅरोनेसमध्येच राहील. माझ्यामागे कोण चालवील ते ती ठरवील. केबिनच्या बाजूवर इंजिनवाली म्हणून माझे नाव रंगवायचे, कारण लोकांना तरी वाचता येते. मात्र ते तिच्या नावापेक्षा लहान अक्षरांत. मी हरकत घेतली. तिने फेटाळली. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून फुली मारायचीही तिची इच्छा होती. ज्याला मिळायचे त्याने साक्ष द्यायची नसते, असे मिस्टर लॅथबरींनी सांगितले, तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही.

क्षमा केली का, असे मी तिला विचारलेले नाही. तिने केली असेल तर चारचौघांत बोलू नये एवढी विनंती, कारण त्याचेही कौतुक तिचेच होईल.

अजून आम्ही तिसऱ्या कात्रणावर आहोत. रोज एक, आणि तेही तीन-तीनदा. ती डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकते. काल मध्येच म्हणाली, "तू मेल्यावर मला हे कोण वाचून दाखवणार गं?" मी म्हणाले, वकील. ती म्हणाली, "तो नको. तुझ्याच तोंडून बरं वाटतं." माझ्या पोटात अजूनही दुखते, प्रत्येक ओळीला दुखते. पण मी एकही शब्द गाळत नाही.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षर माझे, आणि चुका असल्या तर त्याही माझ्याच.

सही: केझाया ग्रँटली

आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली, आणि आम्ही तिच्या देखत:
१. एडमंड लॅथबरी, वकील
२. मॉड पिकरिंग, लॉकवरील राखणदार

स्थळ: बॅरोनेसची केबिन, ब्रॉन्स्टन
दिनांक: ८ ऑक्टोबर २०१९